कळव्याहून दुरुस्त झालेला नळ

आमच्या जर्मनीतल्या घरात न्हाणीघराचा नळ गळायला लागला, तेव्हा नवऱ्याने तो एकदा बंद करून पुन्हा चालू करून पाहिला. सॉफ्टवेअरवाल्या माणसाची दुरुस्ती इथेच सुरू होते आणि इथेच संपते. मी घरमालकिणीला फोन केला, तिने प्लंबरला केला आणि प्लंबरने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

म्हणून मी कळव्याला फोन लावला. बाबा जन्मभर कारखान्यात फिटर होते. आमच्या घराचा उंबरा प्लंबरने कधी ओलांडला नव्हता. उलट शेजारणींचे मिक्सर आमच्या ओट्यावर खोलले जायचे. फोनवर मात्र हा माणूस दोन वाक्यांचा. "बरी आहेस ना? घे, आईशी बोल." इथे येऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात बाबा माझ्याशी जे बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. आई भाजीपासून भिशीपर्यंत सगळं सांगायची, पण मला बाबांनी बोलायला हवं होतं. ते बोलत नाहीत याचं मला फार वाईट वाटायचं.

त्या दिवशी त्यांनी फोन सोडलाच नाही. "तीन आठवडे? नळ दुरुस्त करायचाय की लग्नाचा मुहूर्त काढायचाय? कॅमेरा जवळ घे. हं, वायसर गेलाय. आधी गच्चीवर जा आणि टाकीचा कॉक बंद कर."

मी इतकी पक्की कळव्याची, की पाणी बंद करायचं म्हटल्याबरोबर पातेली, कुकर, लेकीच्या वाळूत खेळायच्या बादल्या, सगळं भरून ठेवलं आणि तीन जिने चढून वर गेले. वर कौलारू छप्पर. गच्ची नाही, टाकी नाही. माळ्यावर वरच्या मजल्यावरच्या आजी चादरी वाळत घालत होत्या. मी मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, पाणी कुठे? त्यांनी मला घरी नेलं, खुर्चीत बसवलं आणि ग्लासभर पाणी दिलं. आता काय करणार, प्यायले. कॉक बेसिनखालीच निघाला, साबणाच्या बाटल्यांमागे. हे ऐकून बाबा इतके हसले, की त्यांच्या हातातून फोन पडला.

वायसर इथेही मिळाला असता, पण बाबांना नौपाड्यातलं त्यांचं ठरलेलं दुकान सोडून कुठल्याच दुकानाचा भरवसा नाही. "अर्धा इंच म्हणजे जगात अर्धा इंच," म्हणाले. कोपरला राहणारी माझ्या मैत्रिणीची आई जर्मनीला लेकीकडे यायला निघालीच होती. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की त्याची बॅग त्याची उरत नाही. काकूंच्या बॅगेतून भाजणी आली, लसणाची चटणी आली, आणि जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं एक जड पुडकं: वायसर, टेफ्लॉन टेप आणि चक्क बाबांचा स्वतःचा पाना.

शनिवारी दुपारी मी बेसिनपाशी, बाबा फोनवर. "उलटा फिरवू नकोस. अगं, घाबरतेस काय, चावत नाही तो." अर्ध्या तासात नळ गळायचा थांबला. घरमालकीण दोनदा येऊन बघून गेली. मग मी सुटलेच. फ्लशची टाकी झाली, कपाटाची बिजागरी झाली, वॉशिंग मशीनचा पाइप झाला. बाबा तासतासभर बोलायचे, रागवायचे, चिडवायचे, आणि मी खुशीत असायचे. वर्ष असंच गेलं.

एका रविवारी फोन आईने उचलला. मागे ठोकाठोकी चालू होती.

"काय चाललंय गं?"

"मोरीचा नळ. प्लंबर आलाय."

"आपल्याकडे? आणि बाबा?"

"खाली जाऊन बसलेत. त्यांना बघवत नाही. हात थरथरतो गं त्यांचा. वर्षाच्या वर झालं. स्क्रूवर पेचकस टिकत नाही. म्हणून तर पाना तुझ्याकडे पाठवला. तुला सांगायचं नाही, असं बजावलंय मला."

मला रडू आलं, पण त्याआधी राग आला. बाबा वर येईपर्यंत मी फोन ठेवला नाही.

"वर्षभर बोलतोय आपण, आणि तुम्ही मला एवढंसुद्धा सांगितलं नाहीत?"

"तू कधी विचारलंस?" बाबा शांतपणे म्हणाले. "तू नळाचं विचारत होतीस."

खरं होतं. फ्लश, बिजागरी, पाइप, सगळ्यांची मी विचारपूस केली होती. बाबा कसे आहेत, हे मी आईला विचारायचे, आणि ती "बरे आहेत" म्हणाली की पुढच्या विषयाकडे वळायचे. मला स्वतःची लाज वाटली. पलीकडे प्लंबर नळ उघडून बघत होता, पाण्याचा आवाज येत होता.

"कुठला हात, बाबा?"

"उजवा," ते म्हणाले. "सही करतानासुद्धा हलतो गं आता."