प्रल्हादचे दस्तावाले चाकू

प्रल्हाद साळवे गेल्याचं वाळूजच्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं... मी ‘अरेरे’ म्हणालो, खुर्चीत बसलो आणि खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो त्याच्या हाडाच्या मुठीच्या चाकूचा. आता तो कुणाकडे जाणार? रडू त्यानंतर आलं. भरपूर आलं, पण त्यानंतर. प्रल्हादला हे कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता, आणि त्याचाही मला रागच आला असता.

आम्ही दोघं एकाच कंपनीत, एकाच खात्यात नोकरीला होतो. घडीचे जुने चाकू जमवायचं वेडही दोघांना एकदमच लागलं. त्यातही आमचा जीव एकाच घाटावर. पात्याजवळ मूठ बारीक, मग एकदम एक पायरी घेऊन रुंद होते आणि शेवटी किंचित खाली झुकते, थेट बंदुकीच्या दस्त्यासारखी. म्हणून आम्ही त्याला ‘दस्तावाला’ म्हणायचो. हातात घेतला की तळव्यात असा बसतो की खाली ठेववत नाही. फरक इतकाच, की माझे चाकू तेल लावून, मखमलीवर, काचेच्या झाकणाखाली आणि प्रल्हादचे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. त्यातला एखादा रोज त्याच्या खिशात असायचा. शिफ्टच्या बसमध्ये तो त्याने पेरू कापायचा आणि अख्ख्या बसला फोडी वाटायचा. शंभर वर्षांची वस्तू, आणि हा तिला तिखट-मीठ लावत बसलाय! माझं रक्त उकळायचं. फोड मात्र मीही घ्यायचो.

तो हाडाच्या मुठीचा चाकू छावणीच्या बाजारातला. तिथं जुनं लोखंड घेऊन बसणारे एक चाचा होते. त्यांच्याकडे असा चाकू आल्याची कुणकुण मला लागली, तेव्हा मी उजाडताच तिथं हजर. चहाच्या रंगाची मूठ, कुठं तडा नाही, पातं मिटलं की खटका असा वाजायचा की ऐकत राहावं. मी हात पुढे केला तर चाचांनी तो फडक्यात गुंडाळला. “नक्को साब, ये साळवे भाई का है. उनके वास्ते रख्या मैं.” प्रल्हादने मागितलासुद्धा नव्हता! तो नुसता दर आठवड्याला त्यांच्याजवळ बसून चहा प्यायचा, त्यांच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा राहिला होता. मी तिथं नुसता चाकू बघायला जात होतो. तो भाई आणि मी साब, हे मला तेव्हा फार लागलं. अजूनही लागतं.

एकदाच मी बाजी मारली. लाल-पिवळ्या लाटांच्या मुठीचा एक दस्तावाला मला मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मिळाला. असा प्रल्हादकडे नव्हता. मी तो पेटीत मधोमध मांडला, झाकण घट्ट लावलं आणि त्याला मुद्दाम जेवायला बोलावलं. त्याने चाकू उचलला आणि नाकाशी नेला.

“काश्या, ह्याला कापराचा वास येतोय. सेल्युलॉइडची मूठ हाय ही. बाकीच्यांत नको ठेवू, ह्याची वाफ लई वाईट. पाती खाऊन टाकती.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! प्रल्हाद जळला, शेवटी एकदा जळला! मी चाकू होता तिथंच ठेवला. पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर त्या लाल-पिवळ्याच्या आजूबाजूची सगळी पाती गंजून तांबारलेली. प्रल्हाद कळताच आला. मग रोज संध्याकाळी यायचा, वर्तमानपत्र पसरायचा आणि तेलाच्या बोळ्याने एकेक पातं हळूहळू घासत बसायचा. ‘तुला सांगितलं होतं’ हे त्याने एकदाही म्हटलं नाही. एकदा तरी म्हणायचं ना, माणसासारखं... मला किती बरं वाटलं असतं.

मागच्या आठवड्यात शालिनीवहिनींनी बोलावून घेतलं. प्रल्हादची बायको. तिने तो बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवला. “भाऊजी, हे समदे तुमचे. लई दिवसांपासून म्हणायचे ते, काशिनाथशिवाय ह्यांची कदर कुणाला हाय?”  ती बोलत असतानाच माझी बोटं डब्यात शिरली. सगळे होते, हाडाच्या मुठीचा तेवढा नव्हता.

मी विचारणार नव्हतो. विचारलं.

वहिनी मला आत घेऊन गेली. ओट्यावर, पातं उघडं, तो पडला होता. “त्या दिवशी पेरू कापायला उघडला, अन् तसाच ठेवून खाली बसले,” ती म्हणाली. “भाऊजी, समदे न्या, ह्यो नाय देणार. खटका लई कडक हाय त्याचा. संधिवातानं माझ्या बोटांत जोर नाय, रोज तेच उघडून द्यायचे. आता मी मिटतच नाय. भाजी चिरते, पदरानं पुसते, परत तसाच ठेवते. मिटला तर पुन्हा उघडणार कोण?”

मी येऊन उघडून देत जाईन, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते काम प्रल्हादचं होतं.

डबा घेऊन घरी आलो. आयुष्यभर ज्याच्यावर डोळा ठेवला ते, एक चाकू सोडून, सगळं एका पिशवीत माझ्या हातात होतं, आणि मी जळत होतो. चाकूवरून नाही. माझी पेटी उघडून बसलो. सगळे ओळीत, तेल लावलेले, मिटलेले. बायकोने दारातून विचारलं, “चहा टाकू का?” ती आत आली नाही. त्या पेटीजवळ कुणी यायचं नाही, हा नियम मीच केलेला आहे.