आई बोलत नाही

संध्याचा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असायचा, पण त्या महिन्यात तो जरा जास्तच भडकत होता, आणि तोही अशा माणसांवर, ज्यांची तोंडंसुद्धा तिनं कधी पाहिली नव्हती.

तिची आई द्रौपदी म्हणजे अंबरनाथच्या बुवापाड्यातला भोंगा. नळावर तिनं भांडण काढलं की पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडकीत यायची. पॅरालिसिसचा झटका आला आणि त्या बाईची जीभच वळेना. हात खाटेवर आपटायची, डोळे वटारायची, तोंडातून नुसतं अंऽ अंऽ. डॉक्टर म्हणाले, "बोलतील हळूहळू, घरी सराव घ्या." सराव घ्या म्हणजे नेमकं काय करा, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत येऊन बसला होता.

संध्या उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका कपड्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला होती. तेव्हा घरोघरी नेट कुठलं? दुकानाखालीच सायबर कॅफे होता. कुणीतरी सांगितलं, एक मराठी साईट आहे, तिथं काहीही विचारा, जाणकार लोक उत्तर देतात. एकेक अक्षर शोधत, घामाघूम होत तिनं विचारलं, "आई बोलत नाही. काय करावं?"

बुवापाड्यात एवढं पुरायचं. तिथं हे म्हटलं की लोक चुकचुकायचे आणि खाटेकडे बघायचे. साईटवरच्या लोकांना खाट कुठून दिसणार, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर उत्तरांचा ढीग. "तुमचंच काहीतरी चुकलं असेल, पाया पडा." "तुम्हीही अबोला धरा, येतील ताळ्यावर." एका काकूंनी आईला भरली वांगी करून घाला म्हणून सांगितलं आणि वर कृतीही दिली. एका गृहस्थांनी तर नोकरी करणाऱ्या मुली कशा शेफारतात, यावर पानभर झोडलं होतं. आता बोला. संध्याचे कान तापले.

तिनं लिहिलं, "भांडण नाही हो. झटका आलाय. तिला शब्द फुटत नाही. घरी सराव कसा घ्यायचा, एवढंच सांगा. जय भीम."

झालं. त्या शेवटच्या दोन शब्दांवरून जुंपली. इथं जात कशाला आणता, असं एक म्हणाला. जात तुम्ही आणली, असं दुसरा. तिसऱ्यानं 'आलाय' नव्हे 'आला आहे' म्हणून शुद्धलेखन शिकवलं. आई राहिली बाजूलाच.

"अरे, हे विचारलं होतं का तुम्हाला कुणी?" ती स्क्रीनवर पुटपुटली. कॅफेवाला सिंधी शेठ म्हणाला, "मॅडम, टाइम हो गया."

"रुको ना साईं, इनको एक जवाब देती हूँ."

तो एक जवाब रोजचाच होऊन बसला. दुकान सुटलं की घरी जायचं सोडून ती कॅफेत शिरायची. आज तरी कुणी धड सांगेल म्हणून साईट उघडायची, तर कुणीतरी भलतेच तारे तोडलेले असायचे. मग हिचं सणसणीत उत्तर. टायपिंग मात्र सुधारलं. शेअर रिक्षात डोक्यात पुढची वाक्यं जुळत असायची. घरी आईपुढे बसायची, पण अर्धीच. "आई, म्हण, पा-णी," म्हणायची आणि आई ओठ हलवेपर्यंत हिचं मन त्या गृहस्थांशी भांडायला गेलेलं.

शेवटी एका संध्याकाळी साईटच्या चालकांनी 'विषय भरकटला आहे' असं लिहून चर्चाच बंद केली. भरकटवला कोणी? संध्यानं त्यांनाही चार शब्द सुनावले आणि तणतणत घर गाठलं. दारात तिचे वडील उभे होते, भगवान. फॅक्टरीतून रिटायर झालेला, मुळातच कमी बोलणारा माणूस.

"एवढा उशीर?"

"काम होतं, पप्पा."

"आईनं हाक मारली."

संध्याला आधी कळेचना. "कुणाला?"

"तुला. 'संध्ये' अशी, स्वच्छ. मग परत मारली. दाराकडेच बघत होती." पप्पांनी खाटेकडे पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. "कुणी ओ देईना, म्हणून मग मीच दिली."