आमगावला नेलेला मोगरा

परवा बाजारात ओल्या फडक्यात बांधलेल्या मोगऱ्याचा वास आला आणि २००४ सालचा चैत्र आठवला. ताई लग्न होऊन आमगावला गेली होती. कुडव्याच्या आमच्या अंगणात तिनेच वाढवलेला मोगरा तिच्याविना पहिल्यांदाच फुलला. सगळ्या कळ्या तोडून मी रेल्वेने तिच्याकडे गेले. तिच्या सासूने त्या घेऊन देवापुढे ठेवल्या. ताई कणकेचे हात घेऊन दारातच उभी होती.

“झाडाले पानी टाकून राहिली ना तू?” एवढंच तिने विचारलं.

“हो,” म्हणाले आणि रागातच परतले. तिला माझी नाही, झाडाचीच आठवण येते, असं वाटलं.

आता माझ्याही लग्नाला बरीच वर्षं झाली. माहेरचं कुणी आलं की सासरच्या माणसांसमोर मलाही झाडांबद्दलच विचारता येतं.