चौकशीकाका आणि आयर्लंडचा किल्ला

चौकशीकाकांचा कुठल्याही पाटीवर विश्वास नसे. वेस्ट विंडसरच्या इंडियन स्टोअरमध्ये रत्नागिरी हापूसची पेटी दिसली की ते दुकानदारालाच विचारत, "सगळ्या अमेरिकेला पुरतील एवढी झाडं आहेत का हो तिथे?" जन्मभर पुलांना गेलेले तडे शोधणाऱ्या इंजिनिअरकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार?

त्यांची मीरा इथेच जन्मलेली. तिनं शॉनशी लग्न ठरवलं, पण बाबांच्या होकाराशिवाय तारीख काढणार नाही म्हणाली. काका हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शॉनचे आजोबा आयर्लंडच्या समुद्रकाठच्या एका मध्ययुगीन गावातले, हे कळल्यावर मात्र काकांना एकाएकी इतिहासाची गोडी लागली.

"मला तिथला किल्ला बघायचाय. तू चल. तिकडे डावीकडून ड्राइव्ह करतात." मी मुंबईत गाडी शिकलेला शेजारी, त्यामुळे सुटका नव्हती.

गाव सुबक होतं: वेशीचा दरवाजा, पडका मठ, खाडीवर किल्ला. गाइड म्हणाला, एक राजा इथे तीन दिवस राहिला होता. काका माझ्या कानात पुटपुटले, "तीन दिवसांत पळाला, म्हणजे पाण्याची सोय नसणार." मठात काकांनी भिंतीवर बोटं आपटून पाहिली आणि चुना अलीकडचा असल्याचं जाहीर केलं.

पुढे एक दगडी घर होतं. त्याला टांकसाळ म्हणत. "नाणी इथे पाडल्याचा पुरावा मात्र नाही," गाइडनं सांगून टाकलं.

काकांचा चेहरा उजळला. "हा खरं बोलतो. यालाच विचारू."

आणि त्यांनी शॉनच्या घराण्याबद्दल विचारलं. किल्ला हे नुसतं निमित्त होतं, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. गाइडनं किल्ल्यामागचं घर दाखवलं. शॉनच्या आजोबांची बहीण अजून तिथे राहत होती.

म्हातारीनं दार अर्धवटच उघडलं. काका म्हणाले, "आम्ही टूरिस्ट."

"टूरिस्ट माझ्याकडे येत नाहीत. तुम्ही मुलीचे वडील." आम्हाला आत बसवून, चहा देऊन तिनं सुरुवात केली. मुलीचं हे पहिलंच लग्न ना? रागीट आहे का? घरात कुणाला दारूचं व्यसन? "आणि तुमच्या मूळ गावात कुणाला विचारता येईल?"

काकांनी मुकाट्यानं वाईच्या चुलतभावाचा नंबर लिहून दिला. बाहेर येताच त्यांनी मीराला फोन लावला. "तारीख काढ."

"बाबा! आर यू शुअर?"

"माणसं जबाबदार आहेत."

लग्न झालं. गेल्या हिवाळ्यात काका गेले. ते कळवायला मी वाईला फोन केला. चुलतभाऊ हळहळले. मग म्हणाले, "त्या आयर्लंडच्या बाईंचा खरंच फोन आला होता, लग्नाआधी."

"काय सांगितलंत?"

"खरं तेच. माणूस सज्जन, पण भयंकर संशयी. तर बाई म्हणाल्या, मग आमची हरकत नाही."