व्याही, कंसात चौकशी प्रलंबित

'दार हळू बंद करा' असे त्या टॅक्सीच्या दारावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. ते पूर्ण वाचून मग मी दार आपटले. आपटण्यास सबळ कारण होते आणि ते लेखी द्यायला मी आजही तयार आहे. परंतु त्या भरात माझा मोबाईल मागच्या सीटवर राहिला, आणि पुढे जे घडले त्याची जबाबदारी नेमकी कोणावर टाकावी हा प्रश्न मला अद्याप सुटलेला नाही.

गणपतीचा तिसरा दिवस होता. माझ्या मुलीने आपले लग्न आपणच जमवले होते. मुलाचे घर गिरगावात, फणसवाडीत. त्यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती. "दर्शनाला या, तेव्हाच बोलू," असा त्यांचा निरोप होता. दोन्हीकडची वडीलधारी माणसे प्रथमच समोरासमोर बसणार होती. पत्नी आणि मुलगी दादरहून आधी निघाल्या. मला मागे राहणे भाग होते, कारण उत्सवातील ध्वनिवर्धकांविरुद्धच्या माझ्या अर्जावर कचेरीचा पोचशिक्का घ्यायचा होता. दारातून बाहेर पडताना मुलगी थांबली.

"बाबा, आज कायदा नको."

"कायदा हा हवा-नको असा विषय नसतो," मी म्हणालो.

"तेच. हेच वाक्य तिथे नको. त्याचे बाबा साधे आहेत. तुमच्या एखाद्या नोटिशीने माझं लग्न मोडलं ना, तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी."

ती असल्या बाबतीत थट्टा करीत नाही. मी हवामान आणि मोदक या दोनच विषयांवर बोलेन, असे वचन दिले. तोंडी दिले. तिने लेखी मागितले नाही, हा तिचा मोठेपणा.

शिक्का घेऊन मी टॅक्सी केली. लालबागला टॅक्सी गर्दीत रुतली आणि एकाच वेळी तीन मंडपांचे भोंगे कानावर आले. माझ्या फोनमध्ये आवाज मोजण्याची सोय आहे. काच खाली करून मी मोजमाप घेतले. काटा लाल पट्टीत गेला. तो मी चालकास दाखविला.

"काका, काच वर करा ना मग," तो म्हणाला.

"आवाज कमी करण्याची जबाबदारी काचेवर नाही."

"बरं, राहू दे. तुमचा मीटर चालू, माझा पण चालू. बघू कोणाचा जास्त होतोय."

आणि तो हसला. मी भाडे चुकते केले, तक्रारीसाठी गाडीच्या नंबराचा फोटो खिडकीतून डोके बाहेर काढून घेतला, फोन सीटवर ठेवून सुटे पैसे मोजून घेतले, आणि उतरलो. दाराचे वर सांगितलेच आहे.

गर्दी संपेल तिथे दुसरी टॅक्सी करावी म्हणून मी पायी निघालो. येथे माझ्या फोनविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मी फोनमध्ये नुसती नावे ठेवीत नाही. नावावरून माणूस कळतो, बाब कळत नाही. म्हणून इस्त्रीवाल्याचा क्रमांक 'इस्त्रीवाला (बटण गहाळ)' असा आहे. पत्नीचा 'सह-अर्जदार', कारण घराच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख तसा आहे आणि सहजीवनाचे त्याहून अचूक वर्णन माझ्या वाचनात आलेले नाही. मुलगी 'वारस'. आणि मुलाचे वडील 'व्याही (चौकशी प्रलंबित)'. त्यांच्याशी फोनवर एकदाच बोलणे झाले होते. माझे वाक्य अर्धे असताना त्यांचा फोन तुटला आणि खुलासा आला नाही. तेव्हा कंस घालणे मला भाग पडले. फोनला कुलूप घाल असे मुलगी सांगते. कुलूप संशयिताने घालावे, असे माझे मत होते.

तर मी चालत असताना डावीकडच्या एका लहानशा मंडपाच्या भोंग्यातून घोगरा आवाज आला.

"सह-अर्जदार, सह-अर्जदार! सह-अर्जदार जिथं असतील तिथून त्यांनी मंडपाच्या डाव्या बाजूला यावं."

मी थबकलो. उत्सवातील भोंग्यांवरून मी हरवलेली मुले ऐकली आहेत, चपला ऐकल्या आहेत, दातांची कवळीही ऐकली आहे. पण इतका शुद्ध, कायदेशीर शब्द, जोडरेषेसह उच्चारलेला, कधी ऐकला नव्हता. लोकांची भाषा सुधारत आहे, असे मला वाटले. पुढच्या तक्रार अर्जात या मंडळाविषयी एक गौरवाचे वाक्य घालावे, इथपर्यंत माझा विचार गेला.

"इस्त्रीवाला, कंसात बटण गहाळ! यांनी पण यावं."

कोणा सज्जनाला माझ्यासारखाच इस्त्रीवाला भेटला आहे, असे वाटून मला त्याच्याविषयी सहानुभूती वाटली.

"आणि व्याही, कंसात चौकशी प्रलंबित. परत सांगतो, व्याही, कंसात चौकशी प्रलंबित!"

तेव्हा माझा हात खिशाकडे गेला. खिशात पोचशिक्क्याची प्रत होती. दुसरे काही नव्हते.

मंडपाच्या डाव्या बाजूला खुर्चीवर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. गळ्यात उपरणे, उजव्या हातात माईक, डाव्या हातात माझा फोन. दर्शनाची रांग त्यांच्या शेजारूनच जात होती.

"तो फोन माझा आहे," मी म्हणालो.

"असं सगळेच म्हणतात, आजोबा."

"मी आपला आजोबा नाही. आपले वय पाहता मी फार तर आपला धाकटा भाऊ असेन."

"मग धाकट्या भावानं पुरावा द्यावा."

मी आयुष्यभर लोकांकडे पुरावा मागत आलो. माझ्याकडे कोणी मागितला, असा हा पहिलाच प्रसंग. "खरेदीची पावती घरी फाइलला आहे," मी म्हणालो.

"घरी माझ्याकडे पण ढीगभर पावत्या आहेत. बायकोचा नंबर सांगा, लावून बघतो."

तो मला पाठ नव्हता. फोन कशासाठी असतो मग?

"बघा. आणि यात बायको नाय, आई नाय, घर नाय. लावू कोणाला? हा सह-अर्जदार कोण? त्याला लावला नाय मी. म्हटलं लोनवाले असतील, हप्ता माझ्याकडे मागायचे."

"ती माझी पत्नी आहे."

हे उत्तर मी त्या एका गृहस्थांना दिले होते. माईक चालू होता. 'पत्नी आहे' हे शब्द रस्त्यापलीकडच्या चाळीवर आपटून माझ्याकडे परत आले. रांगेतील एक बाई दुसरीला म्हणाली, "अगो बाय, लगीन केलान की फॉर्म भरलान?" रांग हसत हसत पुढे सरकली.

"आणि वारस?" गृहस्थांनी विचारले.

"माझी मुलगी."

"त्यांना लावला होता मी. म्हटलं, तुम्ही वारस का? तर एकदम घाबरल्याच. म्हटलं, घाबरू नका ताई, मोबाईल मिळालाय, माणूस मिळत नाय. तर रडायलाच लागल्या की हो."

मी मंडपाच्या बांबूला धरले. "आणि व्याह्यांना?"

"त्यांना पण लावला. विचारलं, चौकशी प्रलंबित ती तुमचीच का? म्हणाले, कसली चौकशी? म्हटलं, ते मला काय ठाऊक? इथं लिहिलंय ते वाचलं."

ज्यासाठी मुलीने मला बजावले होते, ते मी फणसवाडीत पाऊल टाकण्यापूर्वीच झाले होते, आणि तेही ध्वनिवर्धकावरून. संताप तर प्रचंड आला. परंतु या माणसावर कोणत्या कलमाखाली संतापावे? त्याने वस्तू लपविली नव्हती. स्वतःसाठी वापरली नव्हती. सापडलेल्या वस्तूची जी काळजी कायदा सांगतो, तिच्यापेक्षा कितीतरी अधिक त्याने घेतली होती. त्याचा अपराध एकच, की तो अक्षरशः प्रामाणिक होता. कंससुद्धा सोडत नव्हता.

"हा फोन आपल्याकडे आणला कोणी?" मी विचारले.

"टॅक्सीवाल्यानं. गाडी तिकडे लावून पळत आला बिचारा. त्यानं खूण सांगितलीय मालकाची." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. "दार आपटलंत?"

माईक अजून चालूच होता.

"आपटले," मी म्हणालो.

"मग तुमचाच. घ्या." त्यांनी फोन पुढे केला आणि मागे घेतला. "पण आमच्याकडे नियम आहे. ज्याला वस्तू मिळते त्यानं माईकवर मोरया म्हणायचं."

"कोणत्या तरतुदीखाली?"

"बाप्पाच्या."

मी म्हणालो. "ऐकू नाय आलं," ते म्हणाले. तेव्हा मी पुन्हा म्हणालो, आणि या खेपेस त्या दिवसाचा सारा संताप त्यात गेला. रांगेने तितक्याच जोरात उत्तर दिले. फोन माझ्या हाती आला. आवाज मोजण्याची सोय त्यात मागे तशीच चालू राहिली होती. काटा लाल पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला होता. तीन मंडपांना जे जमले नव्हते ते मला जमले. ते मोजमाप मी पुसून टाकले. पुरावा नष्ट करणे योग्य नव्हे, याची मला कल्पना आहे. टॅक्सीच्या नंबराचा फोटोही फोनमध्ये सुरक्षित होता. चालकाने स्वतःविरुद्धचा पुरावा मला पळत येऊन परत केला होता. ती तक्रार मी केली नाही.

मंडपाबाहेर येऊन मी वारसाला फोन लावला.

"मी बोलतोय."

"बाबा? जिवंत आहात?"

"आहे."

"मग या. बघतेच तुम्हाला."

फणसवाडीतील त्या घरात शिरलो तेव्हा मोदकांची ताटे भरलेली होती आणि कोणी हात लावलेला नव्हता. मुलीचे डोळे सुजले होते. मला पाहताच ते बारीक झाले. पत्नीने फक्त पायांपासून डोक्यापर्यंत पाहून माझी मोजदाद केली. व्याही उभे होते. किरकोळ अंगाचे, स्वच्छ सदऱ्यातले गृहस्थ. त्यांनी नमस्कार केला नाही.

"आज उकाडा फार आहे," मी वचनानुसार म्हणालो.

"उकाड्याचं मागाहून बघू. चौकशी कोण करणार आहे? तुम्हीच का?"

"बाबा, जाऊ द्या ना," मुलगा म्हणाला.

"तू थांब रे. हे बघा, मी अख्खी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर काढली. चौकशीला माझी ना नाही. मुलगी देताय, शंभर प्रश्न विचारा. पण प्रलंबित?" त्यांचा आवाज कापू लागला. "संध्याकाळी उठताना माझ्या टेबलावर कधी एक कागद प्रलंबित राहिला नाही. आणि तुम्ही मला प्रलंबित ठेवता? तेही भोंग्यावरून? तो माणूस फोनवर बोलत होता आणि मागून तेच माईकवर. दोन-दोनदा ऐकलं मी! आजच्या आज निकाली काढा, नाहीतर पुढचं बोलणं नाही."

मी मोठ्या पेचात सापडलो. विचारावे, तर मुलीला दिलेले वचन मोडते. न विचारावे, तर लग्न मोडते. मी मुलीकडे पाहिले. ती छताकडे पाहत होती.

"विचारून टाका एकदाचं," पत्नी म्हणाली. "मोदक गार झाले."

मी घसा साफ केला. "त्या दिवशी माझे वाक्य अर्धे असताना आपण फोन का ठेवलात?"

"ठेवला नाही. तुम्ही भाडेकरूंच्या कायद्यावर होतात. मी आधी या कानाला धरला, मग त्या कानाला. दोन्ही कान तापले. मग बॅटरी संपली."

"मग पुन्हा का केला नाहीत?"

"मला वाटलं, तुमचं झालं असेल."

मुलगा उठून स्वयंपाकघरात गेला. तेथून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता. मी उत्तराचा सर्व बाजूंनी विचार केला. "खुलासा समाधानकारक आहे," मी जाहीर केले. "चौकशी बंद."

"तसं लेखी मिळेल?" व्याह्यांनी विचारले.

"झालं!" मुलगी उठून उभी राहिली. "एक होते ते पुरत नव्हते! बास. आम्ही रजिस्टर लग्न करणार. हॉल नाही, मानपान नाही, तुमची बोलणी तर नाहीच नाही. सही करायची आणि जेवायला जायचं. बसा दोघं इथे चौकश्या करत!"

हे तिने शिक्षा म्हणून सांगितले, यात शंका नाही. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले.

"नोटीस द्यावी लागते," मी हळूच म्हणालो.

"तीस दिवस आधी," ते म्हणाले.

"ती फलकावर लावतात."

"हरकती मागवतात," ते म्हणाले, आणि प्रथमच खाली बसले. "साक्षीदार तीन लागतात. ओळखपत्राच्या प्रतींसह."

"स्वसाक्षांकित."

"अर्थात!"

इतका आनंददायक संवाद माझ्या वाट्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. मुलीने कपाळावर हात मारला, एक मोदक उचलला आणि पाठ फिरवून खाल्ला. तिचे खांदे हलत होते. ती रडत आहे असे मला वाटले. पत्नीचे म्हणणे, ती हसत होती. त्यानंतर तिने आणखी दोन मोदक खाल्ले, त्यावरून पत्नीचेच म्हणणे ग्राह्य धरावे लागते.

तिसरी साक्षीदार मुलाची आई, हे विनातक्रार ठरले. वाद पडला तो पहिल्या साक्षीदाराच्या सहीवरून. मुलीचा बाप म्हणून तो मान माझा, असे माझे म्हणणे. मुलाच्या घरी बोलणी झाली म्हणून तो त्यांचा, असे त्यांचे. आवाज चढले, चहा आला, आणि दोघांनी आपापली बाजू लेखी मांडावी असे ठरले.

मी ती सावकाश, मुद्देसूद, दोन मसुदे करून लिहिली. पक्की प्रत लिहायला घेतली त्याच दिवशी स्पीड पोस्टाने त्यांची येऊन पोचली. टंकलिखित, परिशिष्टांसह. पोच मागितली होती. इतका संताप मला लालबागलाही आला नव्हता.