वाघ नदीच्या पात्रातली रांग

जव्हारला जायचं ठरलं ते दत्तूमुळे. दत्तू माझा मेहुणा. संस्थानची राजधानी पाहिलीच पाहिजे, म्हणून त्याने हिवाळाभर माझं डोकं खाल्लं. शेवटी चैत्रात नाशिक सोडलं. कोणी याच वाटेने जाणार असाल, तर त्र्यंबकला बैलगाडीचं भाडं चाऱ्यासकट ठरवून घ्या. नाहीतर घाट उतरल्यावर गाडीवानाला चारा आठवतो.

मोखाडा खालसा, म्हणजे इंग्रजी मुलखात येतो, तिथून पुढे संस्थानची हद्द. आम्ही ऐन बाजाराच्या दिवशी पोचलो. नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसुमार तिखट कालवण मिळालं. दत्तूने आधी नाक मुरडलं, मग माझ्या वाटचीही भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पोशेऱ्याकडे वळलो, वाघ नदी पाहायला. नाव वाघ, पण चैत्रात पात्रात नुसते धोंडे. मधोमध वाळूत उकरलेला पाण्याचा एक झिरा होता आणि त्याच्यापुढे मातीच्या मडक्यांची रांग. माणूस मात्र एकच, बुधी नावाची उतारवयाची बाई.

"बाकीच्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

"मोहाची फुलं येचाया. ज्याची पाळी त्याचा मडका मागची भरते."

पुढच्या बाईचं मडकं आधी, मग आपलं. कोणी पहारा करत नाही की हिशेब मागत नाही. बुधीची लेक आदल्या रात्री पाड्यावर बाळंत झाली होती, म्हणून पाण्यासाठी बुधी झिऱ्यापाशीच बसून होती. आता तिचंच मडकं पहिलं होतं आणि झिरा काठोकाठ आला होता.

तेवढ्यात कुणा लाकडाच्या मक्तेदाराचा नोकर दोन घंगाळं घेऊन उतरला. मक्तेदाराच्या तळावर शिकारीला पाहुणे आले होते, त्यांना आंघोळ हवी होती. त्याने पायानेच बुधीचं मडकं बाजूला लोटलं. ते धोंड्यावर आपटून फुटलं. सगळा झिरा त्याने एका घंगाळात उपसला.

माझं डोकं फिरलं. "अरे, रांग दिसत नाही?"

"मडक्यांना तहान लागते होय?" तो हसला. माझा आवाज आणखी चढल्यावर त्याने दुसरं घंगाळ रांगेच्या शेवटी ठेवलं. "घ्या, लावलं रांगेत." आणि तो भरलेलं उचलून निघून गेला.

बुधी पाड्यावरून दुसरं मडकं घेऊन आली आणि तिने ते घंगाळाच्या मागे ठेवलं.

"बाई, पुढे ठेवा! तुमची पाळी पहिली होती."

"मडका गेला का पाळी गेली, दादा. हे मडके ज्यांचे, त्या हितं नायत. त्यांना न इचारता पुढं कशी जाऊ?"

झिरा ओंजळी-ओंजळीने भरत होता. ऊन कलेपर्यंत ती करवंटीने इतरांची मडकी भरत राहिली. मग तिने करवंटी घंगाळात रिती केली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "ह्यात नाही! हे तर त्याच माणसाचं!"

"त्यो बी हितं नाय ना," ती म्हणाली आणि भरत राहिली. मी घंगाळ कलंडवायला गेलो, तर तिने माझा हात बाजूला केला. दिवस मावळताना तो नोकर आला आणि भरलेलं घंगाळ उचलून गेला. कोणी भरलं, हे विचारलंदेखील नाही.

मग जव्हार पाहिलं. गाव उंचावर आहे, वारा छान, बाजार नीटनेटका, उतरायला धर्मशाळा बरी. राजवाडा बाहेरून पाहिला. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही.

घरी परतल्यावर दत्तूने पंगतीत ही हकिकत रंगवून सांगितली. सगळे हसले. "फारच भोळी हो बाई!" कुणीतरी म्हणालं. मी भरल्या ताटावरून उठलो. भोळी? घंगाळ कोणाचं, मडकं कोणी फोडलं, ह्यातलं काय तिला ठाऊक नव्हतं? मक्तेदाराचा राग येतोच, पण तिचाही येतो, आणि हसणाऱ्यांचा सगळ्यांत जास्त. त्या दिवशी अंधार पडला तेव्हा ती पाड्याकडे निघाली होती. बाळंतिणीसाठी तिच्या डोक्यावर अर्धं मडकं पाणी होतं.