गिरडच्या गच्चीवर किती खाटा ऊन?

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचा, सुमनचा, फोन आला. "दादा, हे चक्की विकाले निघाले. दिवसभर विजेची लाइनच नसते. तू येजो, गच्चीवर सोलर बसते का पाह्यजो." जन्मभर विजेच्या जळक्या मोटारी बांधल्या, शाळा बेताचीच. तरी टेप पिशवीत टाकून निघालो.

वर्ध्याहून समुद्रपूरला एसटी, पुढे काळीपिवळी, खिशाला झेपतं. सकाळचीच गाडी धरा, दुपारी टप तव्यासारखा तापतो. समुद्रपूरच्या स्टँडवर आलुबोंडा-तर्री चुकवू नका. गिरडला आधी टेकडीवरचा दर्गा दिसतो, गाव मागून.

भाऊजी ओट्यावर पेपर वाचत होते. "या, सूर्यनारायण! अणुकरार होऊन राह्यला. मग लाइनच लाइन!"

"भाऊजी, अणुभट्टी म्हणजे गावजेवणाची कढई. दोघांच्या भाजीसाठी चढत नाई. बांधाले वर्षं लागते, थंड ठेवाले पाणी. पण चढली का रातंदिवस गाव जेवते."

"अन् तुमचं ऊन?"

"ते वाटीवाटीनं भेटते. वाट्या मांडाले जागा पाह्यजे."

गच्चीवर गेलो, तर पाय ठेवायची सोय नाही. खाटाखाटांवर पापड, कुरडया, शेवया. सुमन म्हणाली, "पाह्य दादा, आमचं ऊन रिकामं नाई."

मग खाटांतच हिशेब केला. चक्कीच्या मोटारीसाठी अख्खी गच्ची पॅनलनं झाकली तरी पुरत नव्हती. अन् वाळवण कुठे न्यायचं? टेप गुंडाळला. सुमनचं तोंड उतरलं.

खाली उतरलो तर चक्कीशेजारी शेवयांचं मशीन. मोटार लहानशी.

"हे कधी चालवता?"

"उन्हाळ्यात. कडक ऊन असलं तरच बाया येतात. नाई तं शेवया वाळतीन कशा?"

"अवं, मंग त्याच उन्हानं मशीन फिरव ना!"

गोठ्याच्या टिनावर चार खाटांचं ऊन नुसतं पडून होतं. मशीनला तेवढं पुरे.

"अन् अणू?" भाऊजी.

"त्याची लाइन आल्यावर दळान कशावर? चक्की विकता काऊन?"

भाऊजींनी पेपरची घडी केली. "नाई विकत. पण पयल्या शेवया मले!"

चक्की अजून लाइनीचीच वाट पाहते. कढई अन् वाटी, घराला दोन्ही लागतात. टिनावर मात्र पॅनल बसलं, अन् यंदा सुमननं शेवयांचा डबा धाडला. खीर करताना बायको म्हणाली, "लय कडक वाळल्या हो!"

म्हटलं, वाळतीलच. मशीनमधून निघताना एकदा अन् वाळताना एकदा, दोनदा ऊन खाल्लंय त्यांनी.